पट्टी खाली घेतल्यावर

ऐंशी वर्षांचा माणूस रॉक कसा काय गातो? मिक जॅगर मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावताना टीव्हीवर दिसला की हा प्रश्न हमखास निघतो. पाठोपाठ दुसरा येतो: पैसा आहे, नाव आहे, नातवंडं आहेत, मग ही मंडळी स्वस्थ का बसत नाहीत? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं या प्रकरणात येतील. पण त्यांच्या आड एक तिसरा प्रश्न आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. पन्नास वर्षांपूर्वीची गाणी पुन्हा गाणं वेगळं आणि पंच्याहत्तरी ओलांडल्यावर नवं गाणं रचणं वेगळं. हे दुसरं काम कशाच्या बळावर होतं?

१. पोरांचं संगीत

रॉक अमेरिकेत १९५०च्या दशकात जन्माला आलं आणि पहिल्या दिवसापासून ते शाळा-कॉलेजातल्या पोरांचं होतं. ऐकणारेही विशीच्या आतबाहेरचे, वाजवणारेही. १९६५ साली ‘द हू’ या ब्रिटिश बँडसाठी पीट टाउनशेंडने ‘माय जनरेशन’ लिहिलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि म्हातारपणाचा तिटकारा हाच त्या गाण्याचा गाभा होता. पुढे १९७० आणि ७१ या दोन वर्षांत जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन आणि जिम मॉरिसन, तिघेही सत्ताविसाव्या वर्षी गेले. रॉक कलावंत म्हणजे लवकर पेटून लवकर विझणारा माणूस, ही समजूत तिथे घट्ट झाली.

त्यामुळे जे जगले त्यांच्यापुढे कित्ता नव्हता. साठीतल्या रॉक गायकाने कसं दिसावं, काय गावं, कशाबद्दल लिहावं, हे आधी कोणी करून दाखवलेलंच नव्हतं. लंडनमध्ये १९६२ साली सुरू झालेला ‘रोलिंग स्टोन्स’ एप्रिल २००३मध्ये मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर वाजला, तेव्हा जॅगर एकोणसाठ वर्षांचा होता. त्यानंतर वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३मध्ये, याच बँडने ‘हॅकनी डायमंड्स’ काढला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अठरा वर्षांतला त्यांचा पहिलाच अल्बम. जॅगर तेव्हा ऐंशीचा होता आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स एकोणऐंशीचा. एप्रिल २०१९मध्ये जॅगरच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले होते आणि जूनमध्ये तो शिकागोच्या मंचावर परत उभा होता. हे बळ कुठून येतं ते कळायचं तर आधी शरीरात काय काय हातचं जातं ते पाहायला हवं.

२. गळा

स्वरयंत्रात दोन लवचीक पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसांतून वर येणारी हवा त्यांना थरथरवते. सेकंदाला जितके कंप जास्त तितका सूर उंच, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. वय वाढतं तशा स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होत जातात, काही भाग तर चक्क हाडासारखे होतात. स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो, दोन्ही पट्ट्या नीट मिटत नाहीत आणि मधल्या फटीतून हवा निसटते. आवाजाला खरखर येते ती इथून. छातीचा पिंजराही ताठरतो, त्यामुळे दम कमी पडतो. लांब सूर डळमळतात, वरचे सूर मिळेनासे होतात.

यावर गवयांचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पट्टी खाली घेणं. एखाद्या गाण्यातला सर्वांत उंच सूर सेकंदाला ४४० कंपांचा आहे असं धरा. पट्टी एका पूर्ण स्वराने उतरवली तर तोच सूर ३९२ कंपांवर येतो. गाणं तेच, चाल तीच, पण गळ्याला त्या जागी सेकंदाला ४८ कंप कमी करावे लागतात. ऐकणाऱ्याला हा फरक बहुतेकदा कळतही नाही. गाणाऱ्याचा मात्र जीव वाचतो.

पण पट्टी खाली घेतल्याने फक्त सोय होते. खरी गंमत त्यापुढे आहे. कॅनडाच्या जोनी मिचेलने ‘बोथ साइड्स नाउ’ हे गाणं लिहिलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. १९६९च्या तिच्या ध्वनिमुद्रणात आवाज काचेसारखा स्वच्छ आहे, गिटारच्या साथीने तरंगत वर जातो. २००० साली, पंचावन्न ओलांडल्यावर, तिने तेच गाणं मोठ्या वाद्यवृंदासह पुन्हा गायलं. वर्षानुवर्षांच्या सिगारेटींनी आणि वयाने आवाज कितीतरी खाली उतरलेला, लय संथ, काही ओळींच्या शेवटी श्वास ऐकू येतो. आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिल्याचं सांगणारं हे गाणं. तेवीस वर्षांच्या मुलीच्या तोंडी ते हुशार वाटतं. दुसऱ्यांदा ते पटतं. ज्यांनी हे गाणं कधीच ऐकलेलं नाही त्यांनी आधी २००० सालचं ऐकावं असं मी आग्रहाने सांगेन.

३. बोटं

रॉकचा अर्धा जीव गिटारमध्ये असतो आणि गिटार बोटांच्या सांध्यांकडून फार काम करून घेते. डाव्या हाताची बोटं वेगवेगळ्या तारांवर वेगवेगळ्या जागी एकाच वेळी दाबून धरावी लागतात. अशा एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याला कॉर्ड म्हणतात. संधिवात झालेल्या बोटांना ही कसरत जड जाते. रिचर्ड्सची बोटं सांध्यांपाशी गाठाळलेली आहेत हे कुठल्याही फोटोत दिसतं. संधिवातामुळे आपली वाजवण्याची पद्धत बदलली, आणि त्यामुळे वाद्यातून काही नवंही सापडतं, असं तो स्वतः सांगतो.

त्याच्याकडे एक जुनी युक्तीही आहे. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. रिचर्ड्सने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक गाण्यांसाठी सर्वांत जाड तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच तारा अशा लावल्या की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी एक पूर्ण कॉर्ड वाजते. मग एकच बोट पाचही तारांवर आडवं टाकून वरखाली सरकवलं की दुसरी कॉर्ड, तिसरी कॉर्ड. हे त्याने म्हातारपणासाठी केलेलं नव्हतं, त्या नादासाठी केलं होतं.

जोनी मिचेलची गोष्ट याहून विलक्षण आहे. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि डावा हात कमजोर राहिला. गिटारच्या पुस्तकात दिलेल्या कॉर्ड त्या हाताला धरता येईनात. तेव्हा तिने हाताऐवजी गिटारच बदलली. प्रत्येक गाण्यासाठी तारा निराळ्या लावायच्या, म्हणजे डाव्या हाताला सोपी जागा मिळते. अशा पन्नासाहून अधिक जुळण्या तिने तयार केल्या. तिच्या गाण्यांतले ते अनोखे, अर्धवट सोडल्यासारखे वाटणारे स्वरसमूह या अडचणीतून आलेले आहेत. पुढे मोठमोठ्या वादकांनी त्यांचा अभ्यास केला.

मार्च २०१५मध्ये तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुगवट्याने तिला आडवं केलं. बोलणं गेलं, चालणं गेलं, गिटार गेली. वयाची सत्तरी उलटलेली. ती चालायला पुन्हा शिकली, बोलायला पुन्हा शिकली आणि गिटार शिकण्यासाठी तिने स्वतःच्याच तरुणपणीच्या चित्रफिती पाहिल्या: बोटं कुठे ठेवायची ते पाहण्यासाठी. इतरांच्या पुस्तकात तिच्या जुळण्या नव्हत्याच. तिला शिकवू शकेल अशी एकच बाई होती, ती म्हणजे पडद्यावरची तरुण जोनी. २४ जुलै २०२२ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती अचानक मंचावर आली. भोवती ब्रँडी कार्लाइल आणि कितीतरी लहान वयाचे गायक-वादक बसलेले. ती गायली, आणि मग एक रचना तिने नुसती गिटारवर वाजवली. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाला २०२४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि त्याच सोहळ्यात, ऐंशीव्या वर्षी, ती ग्रॅमीच्या मंचावर पहिल्यांदा गायली.

४. कान

याबद्दल थोडक्यात, कारण इथे युक्तीला फारसा वाव नाही. आतल्या कानात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हिरवळीवरच्या गवतासारख्या वाकतात आणि पुन्हा उभ्या राहतात. पण रोज तुडवलं तर गवत उठत नाही, तशा या पेशीही एकदा गेल्या की परत येत नाहीत.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असा एक प्रचलित ठोकताळा आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास आणि १००ला पंधरा मिनिटं. रॉकच्या मंचावर १०० डेसिबल सहज ओलांडले जातात आणि कार्यक्रम चालतो दोन तास. ही बेरीज पन्नास वर्षांची करून पाहा.

टाउनशेंडच्या कानांचं असंच नुकसान झालं. ‘एसी/डीसी’चा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली डॉक्टरांनी सांगितलं की दौरा थांबवला नाही तर पूर्ण बहिरेपण येईल. तो दौऱ्यातून बाहेर पडला. नव्या श्रवणयंत्रणेच्या मदतीने तो परतला आणि २०२०च्या ‘पॉवर अप’ अल्बमवर त्याचाच आवाज आहे. आजचे बरेचसे कलावंत कानात बसणारे छोटे स्पीकर वापरतात, त्यामुळे मंचावरचा गोंगाट कानापर्यंत कमी पोहोचतो. तरुण बँडवाल्यांनी हे पहिल्या दिवसापासून वापरायला हवं.

५. डोकं

इथे बातमी जरा बरी आहे. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धीचे दोन भाग मानले. एक चपळ बुद्धी: अगदी नवं कोडं झटपट सोडवणारी. दुसरी मुरलेली बुद्धी: शब्दसंपदा, कसब, हजार वेळा केलेल्या कामातून आलेली जाण. पहिली तरुणपणीच उतरणीला लागते. दुसरी कितीतरी वर्षं वाढत राहते. शब्दांचा साठा तर साठीनंतरही टिकून असतो. एखादं नाव ऐन वेळी आठवत नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून मंचावर गाण्याचे शब्द दाखवणारे पडदे असतात. पण शब्द आठवायला वेळ लागणं आणि शब्द निवडता न येणं यांत फार अंतर आहे.

आता दुसरी कल्पना. शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ डेव्हिड गॅलन्सन यांनी चित्रकार, कवी, कादंबरीकार यांचा अभ्यास करून निर्मितीच्या दोन तऱ्हा सांगितल्या. काहींना आधी कल्पना सुचते, मग ती ते झपाट्याने उतरवतात. त्यांचं मोठं काम बहुधा तरुणपणी होतं. चित्रकार पिकासो हे त्यांचं उदाहरण. काही जण मात्र काय हवं ते ठाऊक नसताना चाचपडत, खोडत, पुन्हा करत पुढे जातात. त्यांचं उत्तम काम उशिरा येतं. चित्रकार सेझान हे त्यांचं उदाहरण. गॅलन्सन यांची विभागणी फार काटेकोर मानू नये असं माझं मत आहे, कारण एकाच माणसात दोन्ही तऱ्हा नांदतात. पण उतारवयात नवं काम करणाऱ्यांकडे या नजरेने पाहिलं की बरंच उलगडतं. चाचपडणाऱ्याचं भांडवल वयाबरोबर वाढतं.

तिसरी गोष्ट कल्पना नव्हे, सवय आहे: सोबती बदलण्याची. स्टोन्सनी ‘हॅकनी डायमंड्स’साठी निर्माता म्हणून १९९० साली जन्मलेल्या अँड्र्यू वॉटला बोलावलं. जॅगरने काम संपवायची तारीखच ठरवून टाकली. ‘लेड झेपलिन’चा रॉबर्ट प्लांट जुना बँड पुन्हा उभा करायच्या मागण्या टाळत राहिला आणि अॅलिसन क्राऊस या ब्लूग्रास गायिकेबरोबर हलक्या आवाजात गायला लागला, त्यांच्या ‘रेझिंग सँड’ला २००९ साली वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. डेव्हिड बोवीने कर्करोगाशी झुंजत असताना न्यूयॉर्कच्या एका छोट्या क्लबात ऐकलेल्या जॅझ वादकांना घेऊन ‘ब्लॅकस्टार’ केला. तो त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, ८ जानेवारी २०१६ला बाजारात आला आणि १० तारखेला बोवी गेला. जुन्या सोबत्यांबरोबर जुन्या सवयी येतात. नव्यांना तुमची सगळी गाणी पाठ असली तरी तुमची भीड नसते.

६. लेनर्ड कोहेन

आता हे सगळं एका माणसात पाहू. कोहेन १९३४ साली माँट्रिअलला जन्मला. आधी कवी आणि कादंबरीकार. पहिला अल्बम १९६७ साली, तेहतिसाव्या वर्षी. गळा कधीच मोठा नव्हता. काम करण्याची तऱ्हा शंभर टक्के चाचपडणाऱ्याची: ‘हॅलेलूया’ हे आज जगभर गायलं जाणारं गाणं त्याने कित्येक वर्षं लिहिलं, वह्याच्या वह्या कडव्यांनी भरल्या, आणि ते १९८४ साली निघालं तेव्हा तो पन्नाशीत पोहोचला होता.

साठीच्या सुमारास त्याने गाणं जवळजवळ सोडलंच. १९९४ ते १९९९ तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात राहिला, तिथे रीतसर भिक्खूही झाला. नैराश्य त्याची पाठ सोडत नव्हतं. मठातून बाहेर पडल्यावर तो आला तो थेट मुंबईत, रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ आणि निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. महाराज खेतवाडीत मराठीत बोलत आणि बाळसेकर ते परदेशी साधकांना इंग्रजीत उलगडून सांगत. गुरूंच्या पश्चात बाळसेकर आपल्या वॉर्डन रोडजवळच्या घरी सकाळच्या बैठका घेत. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरायचा आणि बैठकीला इतरांसारखाच येऊन बसायचा. पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा आला. याच काळात नैराश्याचं मळभ हळूहळू विरलं असं त्याने नंतर मुलाखतींत सांगितलं. २००१ साली ‘टेन न्यू साँग्ज’ निघाला. एका गुरूच्या मराठीतल्या बोलण्याचा धागा बाळसेकरांमार्फत एका कॅनेडियन गीतकारापर्यंत पोहोचला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

मग संकट आलं. त्याची लाखो डॉलरची पुंजी दुसऱ्या कोणी संपवली होती. पैशासाठी २००८ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो पंधरा वर्षांनी पुन्हा दौऱ्यावर निघाला. दौरा वाढत गेला. २०१३पर्यंत साडेतीनशेहून जास्त कार्यक्रम झाले, एकेक कार्यक्रम जवळपास तीन तासांचा. तो टोपी हातात घेऊन वादकांसमोर झुकायचा, गुडघ्यांवर बसून गायचा आणि मंचावरून जाताना लहान मुलासारखा टुणटुण उड्या मारत जायचा. आवाज आता खर्जात उतरलेला, जवळजवळ बोलल्यासारखा. तरुणपणी त्याच्या गाण्यावर नाक मुरडणारेही या आवाजापुढे गप्प झाले.

आकडे पाहा. १९६७ ते २००४ या सदतीस वर्षांत अकरा स्टुडिओ अल्बम. २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत तीन. आधीची सरासरी साधारण साडेतीन वर्षांना एक होती, ती दीड-पावणेदोन वर्षांवर आली. पैशाची निकड २०१२च्या आधीच संपली होती. नव्या गाण्यांमागे ती नव्हती.

तिसऱ्या, ‘यू वॉन्ट इट डार्कर’ या अल्बमच्या वेळी पाठीच्या मणक्यांनी त्याला घरात अडकवलं होतं. मुलगा अॅडम याने घरातच माइक लावला. बाप रुग्णांसाठीच्या खुर्चीत बसून गायचा, जमेल तेवढा वेळ. वाद्यं नंतर त्या आवाजाभोवती रचली गेली. माँट्रिअलच्या ज्या सिनेगॉगमध्ये त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या जात होतं तिथल्या गायकवृंदाचा आवाज त्यात आला. डीन कीथ सायमन्टन या मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली १७२ पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांच्या अखेरच्या रचना तपासल्या होत्या. त्या त्याला लांबीने आखूड आणि चालीने साध्या आढळल्या होत्या. कोहेनचा हा अल्बम जेमतेम छत्तीस मिनिटांचा आहे आणि त्यातल्या चाली कोणीही गुणगुणाव्यात इतक्या सोप्या आहेत. तो २१ ऑक्टोबर २०१६ला निघाला. सतरा दिवसांनी कोहेन गेला.

७. नवं गाणं हवंय कोणाला?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, फार थोड्यांना. ‘बीटल्स’चा पॉल मॅकार्टनी हे मोकळेपणी सांगतो: बीटल्सचं गाणं सुरू झालं की प्रेक्षागृह मोबाइलच्या दिव्यांनी उजळतं, आणि नवं गाणं सुरू झालं की अंधार होतो. तरी लॉकडाउनमध्ये त्याने इंग्लंडमधल्या आपल्या शेतावर जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून ‘मॅकार्टनी थ्री’ केला, तो डिसेंबर २०२०मध्ये आला. त्याआधी जूनमध्ये बॉब डिलन, वय एकोणऐंशी, ‘रफ अँड राउडी वेज’ घेऊन आला. त्यातलं एक गाणं जवळपास सतरा मिनिटांचं आहे. सायमन्टनच्या निष्कर्षाला हा सणसणीत अपवाद. त्यानंतरच्या दौऱ्यात डिलनने पियानोशी बसून याच अल्बममधली बहुतेक सगळी गाणी रात्रीमागून रात्री म्हटली. नोबेल मिळालेल्या माणसाकडून लोकांना त्याची १९६०च्या दशकातली गाणी हवी होती. त्याने आजची दिली. मला ही वागणूक उद्धट वाटत नाही. श्रोत्यांना अजून नवं ऐकता येतं हा त्यात विश्वास आहे.

दौरे मात्र सोडावे लागतात. फिल कॉलिन्सने मार्च २०२२मध्ये लंडनला ‘जेनेसिस’ या आपल्या बँडचा शेवटचा कार्यक्रम खुर्चीत बसून केला, मज्जातंतूंच्या दुखण्याने ड्रमच्या काठ्या हातात धरता येत नव्हत्या आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. एल्टन जॉनने ८ जुलै २०२३ रोजी स्टॉकहोममध्ये निरोपाचा दौरा संपवला. तीन महिन्यांनी, शहात्तराव्या वर्षी, तो जोनीला न्यूपोर्टला सोबत करणाऱ्या ब्रँडी कार्लाइलबरोबर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत शिरला. जाताना हातात एकही तयार गाणं नव्हतं. वीस दिवसांत अख्खा अल्बम लिहून, गाऊन झाला. एप्रिल २०२५मध्ये तो बाहेर आला.